अजिंठा 'शोधला' कोणी?

शाळेने अजिंठ्यावर प्रकल्प दिला की मोबाईलवर हमखास वाक्य येते: 'जॉन स्मिथने १८१९ साली लेणी शोधली.' पालकहो, ते जसेच्या तसे वहीत उतरू देऊ नका. दहाव्या लेण्याच्या खांबावर स्मिथने आपले नाव व २८ एप्रिल ही तारीख कोरली, एवढे खरे. पण सातव्या शतकात ह्युएन त्संगने ऐकीव माहितीवरून या विहारांचे वर्णन लिहून ठेवले होते. सोळाव्या लेण्यातला शिलालेख तर दाता वराहदेवाचे नावच सांगतो. मग शोध कसला?

लिहिणाऱ्याचे नाव नाही, शिलालेखाचा वा ग्रंथाचा आधार नाही, असे संकेतस्थळ बाजूला ठेवा. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. सुटीत लेकरांना घेऊन जा, तो खांब दाखवा.