पाहुणचार घेण्याची विद्या

दुसऱ्यास द्यावें, दुखणाइताची शुश्रूषा करावी, हें मुलांस लहानपणापासून शिकविण्यांत येतें. परंतु दुसऱ्यानें प्रेमानें दिलेलें कसें घ्यावें, हें क्वचितच कोणी शिकवितो. परदेशीं सेवेसाठीं जाणाऱ्यास मात्र ही विद्या पहिल्याच दिवशीं लागते, असें आमचें मत आहे.

प्रभूनें सत्तर शिष्यांस पाठविलें तेव्हां थैली, झोळी व पायतण बरोबर घेण्यास मनाई केली. ज्या घरीं स्वीकार होईल तेथेंच राहावें, पानांत पडेल तें खावें, अधिक चांगल्या घराच्या शोधांत फिरूं नये, असा त्या आज्ञेचा आशय आम्ही समजतों. सेवकानें रित्या हातानें जावें व यजमानाच्या भाकरीनें कामास आरंभ करावा!

पौल कैदी म्हणून रोमेस जात असतां गलबत फुटून २७६ माणसें मिलिता, म्हणजे हल्लींच्या माल्टा, बेटास लागलीं. मूळ ग्रीक ग्रंथांत तेथील लोकांस 'बर्बर', म्हणजे परभाषी, म्हटलें आहे. पावसांत व थंडींत कुडकुडणाऱ्या त्या सर्वांसाठीं ह्याच लोकांनीं विस्तव पेटविला. पौल तेथें स्वतः काटक्या गोळा करून विस्तवावर घालूं लागला. पुढें पुब्ल्य नामक मुख्य पुरुषानें त्यांचा तीन दिवस पाहुणचार केला; मग पौलानें त्याच्या आजारी बापास बरें केलें. हा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. आधीं ऊब व अन्न घेतलें, मागाहून सेवा केली.

गरिबाच्या घरीं जेवून त्यास भार कां द्यावा, असें कोणी विचारील. शंका रास्त आहे. सारफथच्या विधवेपाशीं मूठभर पीठ उरलें असतां एलीयानें तिच्याकडे भाकर मागितली, हें वाचून आम्हांसही संकोच वाटतो. तथापि नेहमीं आपणच देणारे होऊन बसण्यांत सूक्ष्म गर्व असतो. गरिबाची वाटी परत केल्यानें त्याचें अन्न वांचतें, पण मान जातो. म्हणून थोडें घ्यावें, पण घ्यावें. लागलीच पैसे पुढें करूं नयेत. त्यानें पाहुणचाराचा सौदा होतो.

आपल्याकडे पाहुण्यानें 'नको, नको' म्हणावें व यजमानानें आग्रह करावा, अशी रीत आहे. कित्येक देशांत 'नको' म्हणजे नकोच; दुसऱ्यांदा कोणी विचारीत नाहीं. कोठें तर नकार हा अपमानच समजतात. यास्तव जेथें जावें तेथील रीत आधीं शिकावी.

पालकांस आमची विनंति आहे कीं, परक्या घरीं नाक न मुरडतां जेवण्याची व मनापासून आभार मानण्याची संवय मुलांस घरींच लावावी. विद्यार्थ्यांनो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर होऊन दूर देशीं जाल. तुमची पदवी तेथील गरीब माणसास वाचतां येणार नाहीं. परंतु त्यानें पुढें केलेला पेला तुम्ही कसा घेतां, हें तो नीट पाहील.