‘तुम्ही कामगार नाही, मॅडम’

आमच्या सल्ला केंद्रात मध्यंतरी एक बाई आली. पिंपरी-चिंचवडमधल्या एका मोठ्या कारखान्याच्या आयटी विभागात नोकरी. पगार आम्हा तिघी कार्यकर्त्यांच्या मानधनाहून जास्त. तक्रार काय, तर झोप लागत नाही. फोन वाजल्यासारखा वाटतो आणि दचकून जाग येते. एमएसडब्ल्यूच्या वर्गात शिकवले तसे मी नवरा, सासू, घरकाम सगळे विचारून घेतले. प्राणायाम सुचवला. तिच्या साहेबाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. मैत्रिणींनो, ही चूक माझ्या एकटीची नाही.

दुसऱ्या भेटीत तिनेच सांगितले. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, त्यामुळे सर्व्हर रात्रीही बंद पडून चालत नाही. रात्रीच्या फोनची पाळी पूर्वी पाच जणांत फिरायची. दोघे सोडून गेले, एक बाळंतपणाच्या रजेवर. जागा भरल्या नाहीत, कारण खर्च कमी दाखवला की साहेबांची वर वाहवा. आता दर दुसरा आठवडा हिचा. साहेब वरिष्ठांना तारीख देऊन येतात आणि मग हिला विचारतात, ‘होईल ना?’ मीटिंग लावतात संध्याकाळी साडेसहाला. स्वतःला न येणाऱ्या कामाची दिवसातून दोनदा प्रगती विचारायची, याला तिथे व्यवस्थापन म्हणतात!

वर्षअखेरीला शेरे. ठरावीक माणसे खालच्या खान्यात घालायचीच, असा नियम. मग रजेवर असलेली बाई सगळ्यांत सोयीची. 2017 च्या कायदादुरुस्तीने 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, तिची वसुली अशी शेऱ्यातून होते. पुढे ‘सुधारणेची संधी’ म्हणून एक कागद हातात येतो, आणि राजीनामा तिनेच लिहायचा असतो. कागदोपत्री कोणालाच काढलेले नसते.

त्याच आवारात खाली फिटर काम करतो. त्याच्या जादा तासांना दुप्पट पैसे मिळतात. 1948 च्या कारखाने कायद्यात ते होते, नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितेतही आहे. त्याच्या पाठीशी युनियन आहे. हिने विचारले तर उत्तर मिळाले, ‘तुम्ही कामगार नाही, मॅडम, तुम्ही मॅनेजमेंट.’ पदनाम असिस्टंट मॅनेजर, हाताखाली माणूस एकही नाही. कामगार कोण हे पदनामावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून ठरते, असे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. पण घराचा हप्ता डोक्यावर असताना न्यायालयात जायचे कोणी?

कामगार खाते तरी कुठे आपणहून येते? 2024 च्या जुलैत पुण्यात एक तरुण सनदी लेखापाल नोकरीच्या चौथ्या महिन्यात मरण पावली. कामाच्या बोजाने मुलगी गेली, असे तिच्या आईचे पत्र गाजले, तेव्हा तपासणी झाली. 2007 पासून चालणाऱ्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती!

आणि आपण? ‘लाखात कमावतात, त्यांना काय धाड भरली आहे,’ हे वाक्य मी आपल्याच बैठकीत ऐकले आहे. हिची साडेसहाची मीटिंग लांबली की हिचे मूल सांभाळणारी ताई स्वतःच्या मुलांकडे उशिरा पोचते. तिलाही जादा तासाचे काही मिळत नाही. साहेबाचा ढिसाळपणा असा एका बाईकडून दुसरीकडे उतरत जातो, आणि आपण दोघींच्या वेगवेगळ्या फायली करतो.

मी स्वतः एका कंपनीत महिला दिनाला ‘ताणतणावाचे व्यवस्थापन’ हे शिबिर घेतले आहे. मानधन उत्तम होते. रात्री फोन कोणाला येतात, हे तिथेही मी विचारले नव्हते. असली शिबिरे आता आम्ही घेणार नाही, असे केंद्राने ठरवले आहे. बोलावलेच तर आधी पाळ्यांचा तक्ता मागू.

ती आता वहीत फोनची वेळ, तारीख आणि कामाला लागलेले तास लिहिते. तिच्या विभागातल्या आणखी दोघी यायला तयार आहेत. बैठक रविवारी दुपारी चारला ठेवली आहे. सकाळी जमणार नाही. शनिवारी रात्रभर सर्व्हरची दुरुस्ती आहे.