विजेची गिटार आणि ‘अस्सल’पणाचा हट्ट

लोककलेविषयी बोलताना सुशिक्षित मंडळींच्या तोंडी एक शब्द हटकून येतो. तो म्हणजे ‘अस्सल’. कलाकार गरीब असावा, गावात राहणारा असावा, त्याचे वाद्य जुने असावे, मग ती कला अस्सल. त्याच कलाकाराने शहरात येऊन माईक हातात घेतला की कला बिघडली! हा न्याय मला मुळातच चुकीचा वाटतो. तो का चुकीचा आहे, हे मडी वॉटर्स या अमेरिकन कृष्णवर्णीय गिटारवादकाच्या आयुष्यातून फार स्पष्ट दिसते.

मडीचे खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड. कागदपत्रांप्रमाणे त्याचा जन्म १९१३चा, तो स्वतः मात्र १९१५ सांगायचा. आई लवकर गेली, आजीने वाढवले. चिखलात खेळायचा म्हणून आजीनेच ‘मडी’ हे नाव ठेवले. मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल गावाजवळ स्टोव्हॉल नावाच्या कापसाच्या मळ्यावर तो लहानाचा मोठा झाला. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५मध्ये कायद्याने संपली होती, पण तिच्या जागी बटईची शेती आली. जमीन मालकाची, बियाणे आणि किराणा मालकाकडून उधारीवर, कष्ट कुळाचे. हिशेबाची वही मात्र मालकाच्या हातात. हंगाम संपला की कुळ बहुधा कर्जातच असे. ब्लूज हे संगीत याच माणसांचे.

ऑगस्ट १९४१मध्ये लोकगीते गोळा करणारे अॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठातील कृष्णवर्णीय संगीततज्ज्ञ जॉन वर्क हे मळ्यावर आले. अमेरिकेच्या संसदीय ग्रंथालयासाठी त्यांनी मडीचे गाणे त्याच्या घरीच ध्वनिमुद्रित केले. आपला आवाज रेकॉर्डवर ऐकल्यावर, आपणही गायक होऊ शकतो असा विश्वास त्याला वाटू लागला. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तो कोणती गाणी वाजवतो याची नोंद या अभ्यासकांनी केली, तेव्हा त्यात जुन्या ब्लूजबरोबर जीन ऑट्री या सिनेमातल्या काऊबॉयची गाणीही निघाली. म्हणजे ज्याच्याकडे लोक ‘शुद्ध’ ग्रामीण संगीत शोधायला गेले होते, तो रेकॉर्डवरची नवी गाणीही आवडीने वाजवत होता.

मळ्यावर तो ट्रॅक्टर चालवायचा. तासाला साडेबावीस सेंट मजुरी मिळे. त्याने पंचवीस सेंट मागितले, मुकादमाने नकार दिला. १९४३मध्ये मडीने शिकागोची गाडी पकडली आणि कागदाच्या कारखान्यात कामाला लागला. तो एकटा नव्हता. १९१०च्या दशकापासून १९७०पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिणेकडची राज्ये सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले.

दिवसभर कारखान्यात राबलेले हे लोक रात्री शिकागोच्या दक्षिण भागातल्या दारूच्या गुत्त्यांत जमत. तिथे गप्पा, हशा, भांडणे, ग्लासांचा खणखणाट. अशा गलक्यात साधी गिटार कोणाला ऐकू येणार? म्हणून मडीने विजेची गिटार घेतली. तिचे तंत्र तसे सोपे आहे. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि अॅम्प्लिफायर तिचा आवाज मोठा करतो. ब्लूजमध्ये विजेची गिटार वाजवणारा मडी पहिला नव्हे. टेक्सासच्या टी-बोन वॉकरने तिला त्याच्याआधीच नावारूपाला आणले होते. मडीचे काम वेगळे होते. मिसिसिपीच्या मळ्यात वाजणारे, तारेवर नळी घासून रडवेले सूर काढणारे वादन त्याने विजेवर आणले. माऊथ ऑर्गन, पियानो आणि ड्रमसह त्याने जो संच बांधला, तोच पुढे कित्येक रॉक बँडचा नमुना ठरला. १९४८मध्ये ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ ही त्याची रेकॉर्ड आली आणि पाहता पाहता संपली. गावाहून आलेल्या मजुराला त्यात आपले गाव आणि आपले शहर दोन्ही ऐकू येत होते.

आता अस्सलपणाची गंमत पाहा. १९५८मध्ये मडी इंग्लंडला गेला. तेथील काही समीक्षकांना आणि रसिकांना त्याचा आवाज फार मोठा वाटला. त्यांना हवा होता साधी गिटार घेऊन बसलेला शेतमजूर. मडीने हे मनावर घेतले. १९६३मध्ये तो साधी गिटार घेऊन परत गेला, तर तोवर तिथली तरुण पोरे विजेच्या गिटारसाठी वेडी झाली होती! त्याच्या १९५०च्या एका गाण्यावरून ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव घेतलेला बँडही तेव्हा तिथे गाजू लागला होता. दोन्ही वेळा अस्सल काय ते ऐकणाऱ्यांनी ठरवले. वाजवणाऱ्याला कोणी विचारलेच नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे हा हट्ट माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. आमच्या घरांतले मूल बोलू लागले की एक जण म्हणतो, ही शुद्ध मराठी नाही. दुसरा म्हणतो, ही कसली उर्दू? मूल गप्प बसते. वास्तविक ती भाषा त्याच्या आईची, मोहल्ल्याची, बाजाराची आहे. ती जगण्यातून घडली आहे, जशी मडीची गिटार शिकागोच्या गलक्यातून घडली. प्रमाण भाषा मुलांना शिकवलीच पाहिजे, ते माझे कामच आहे. पण त्यासाठी घरच्या बोलीला भेसळ म्हणण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, बाजारात गेलेल्या कलेचे नुकसान होत नाही का? होते. पण ते कुठे होते हे नीट पाहावे. मडीच्या गाण्यांचे प्रकाशन-हक्क ज्या कंपनीकडे होते, तिच्याविरुद्ध त्याला आणि गीतकार विली डिक्सनला १९७०च्या दशकात हक्काच्या पैशांसाठी कोर्टात जावे लागले. शेवटी तडजोड झाली. मळ्यावर हिशेबाची वही मालकाकडे होती, शहरात ती कंपनीकडे गेली. विजेने ब्लूज बिघडला का, यावर रसिकांनी पुष्कळ शाई खर्च केली. त्या वहीत काय लिहिले आहे, हे विचारणारे थोडेच निघाले.

३० एप्रिल १९८३ रोजी मडी वॉटर्स वारला. आपल्या भोवतीही गाणारे, वाजवणारे, मिसळलेल्या भाषेत लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या अस्सलपणाचा निवाडा करण्याआधी त्यांच्या कष्टाचे मोल त्यांना मिळाले का, एवढे तरी आपण विचारावे.