घर पाहावे बांधून, पण धावावे केव्हा?

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या कोणा अनुभवी माणसाने प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांपुढे गाठीला चार पैसे असलेला आणि आपल्या गावात ठाण मांडून राहिलेला गृहस्थ असावा. बांधकाम काढले की अंदाज चुकतो, गवंडी शब्द पाळत नाही, वाळूचा भाव चढतो, हे सारे त्याला ठाऊक होते. परंतु घर बांधण्यास जे दिवस सर्वांत योग्य, नेमक्या त्याच दिवसांत ज्याला गाव सोडून जावे लागते, अशा माणसाशी त्याची गाठ पडली नसावी. बीड जिल्ह्यात अशी माणसे लाखांनी मोजावी लागतात. आणि अशा घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला धावण्याचा नाद लागला, तर काय होते, हा प्रश्न आजवर क्रीडा पानांवरही विचारला गेलेला नाही आणि कामगार चळवळीच्या व्यासपीठावरही नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्या रित्या होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' हा तिथला हिशेब. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत त्यांचे घर म्हणजे उसाच्या पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. आता बांधकामाच्या बाजूने पाहावे. पावसाळा सरल्यावर विहिरीला पाणी असते, ऊन कोवळे असते, जोत्याला आणि स्लॅबला दिवसातून दोनदा पाणी मारणे परवडते. फड संपवून माणसे परततात तोवर वैशाखवणवा पेटलेला असतो आणि जिथे प्यायचे पाणी टँकरने येते तिथे सिमेंटला पाणी कोण पाजणार? धावणाऱ्याच्या बाजूने पाहिले तरी हेच महिने. लांब पल्ल्याच्या सरावाला थंडीतल्या पहाटेसारखा काळ नाही. म्हणजे मजुरी, घर आणि मैदान या तिन्हींचा हक्क एकाच चार-पाच महिन्यांवर पडतो. त्यांत मजुरी जिंकते, कारण तिच्या पाठीशी उचल असते.

योगायोग असा की, युरोपात हेच महिने सायक्लोक्रॉस नावाच्या एका आगळ्या खेळाचे. शरद ऋतूपासून फेब्रुवारीपर्यंत चिखलातून, वाळूतून आणि चढावरून सायकल पिटाळायची आणि अडथळा आला की खाली उतरून, ती खांद्यावर टाकून पळायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये सुरू झालेल्या या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० पासून होते. त्यात व्यावसायिकांखेरीज नोकरी-धंदा सांभाळून भाग घेणारे हौशी स्पर्धकही पुष्कळ. त्यांच्यापैकी कोणी घर बांधायला काढले की त्याचीही ओढाताण होते. मग पहाटे सराव, संध्याकाळी फरशी आणि रविवारी शर्यत अशी वाटणी त्याला करावी लागते. ही वाटणी खोटी नाही आणि तीमागचे कष्टही थट्टेवारी नेण्याजोगे नाहीत. मात्र वाटणी करण्यासाठी आधी हातात काही असावे लागते. त्याच्या हातात रविवार आहे, पगारी रजा आहे, ठरलेले कामाचे तास आहेत.

आणि तो रविवार काही आकाशातून पडलेला नाही. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० च्या जून महिन्यात मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मान्य करणे भाग पाडले. जर्मनीतल्या कामगारांनी १८९६ साली 'सॉलिडॅरिटी' या नावाने आपला स्वतंत्र सायकलस्वार संघ काढला, तो नाझींनी १९३३ साली मोडीपर्यंत टिकला. फ्रँकफुर्टला १९२५ साली आणि व्हिएन्नाला १९३१ साली कामगारांची ऑलिंपियाडे भरली. खेळासाठी लागणारा वेळ हा मजुरीच्या लढ्याचाच एक भाग आहे, हे त्या पिढीला सांगावे लागत नव्हते. उसाच्या फडाला मात्र आजही रविवार नाही. वाहन रात्री आले तर मोळ्या रात्री भरायच्या. डोक्यावर मोळी आणि पायाखाली ट्रकला टेकवलेली फळी. अडथळ्यांची ही शर्यत वर्षानुवर्षे चालू आहे. ती पाहायला प्रेक्षक तेवढे येत नाहीत.

'हौशी' हा शब्दही एकदा तपासून घेतला पाहिजे. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, पण इंग्लंडमधल्या ज्या सभ्य गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात हौशी खेळाडूची व्याख्या केली, त्यांनी हौसेला जातच लावली. लंडनच्या अमॅच्युअर ॲथलेटिक क्लबने १८६६ च्या सुमारास आणि हेन्लीच्या नौका शर्यतीने १८७९ साली कारागीर आणि मजूर यांना हौशी मानण्याचेच नाकारले. शर्यतीसाठी पैसे घेतल्याचा आरोप त्यांच्यावर नव्हता. अंगमेहनतीने पोट भरतो हाच अपराध. फिलाडेल्फियाचा जॉन केली हा विटा रचणारा गवंडी. १९२० साली त्याचा हेन्लीचा अर्ज फेटाळला गेला. त्याच्या क्लबशी जुने भांडण होते हे खरे, पण हाताने काम करणारा म्हणूनही तो नियमात बसत नव्हता. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केलीने एकेरी वल्हवण्याचे सुवर्णपदक मिळवले आणि हरवले ते हेन्लीच्याच त्या वर्षीच्या विजेत्याला. नियमातला मजुरांचा उल्लेख पुसायला १९३७ साल उजाडावे लागले. आपल्याकडे असा नियम कोणी लिहिला नाही. लिहिण्याची गरज पडली नाही, एवढेच.

या पार्श्वभूमीवर अविनाश साबळे यांच्याकडे पाहावे. आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्यांचे गाव. आई-वडील वीटभट्टीवर मजुरी करीत. वीटभट्टी म्हणजे दुसऱ्यांच्या घरांचा कच्चा माल स्वतःच्या पाठीवरून वाहण्याचा धंदा. तिथेही उचल, तिथेही हजार विटांमागे दर, तिथेही हंगाम पावसाळ्यानंतरचाच. शाळेसाठी साबळे यांना सहा किलोमीटर पायपीट करावी लागे. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेले, सियाचीनसारख्या ठिकाणी राहिले आणि २०१५ साली सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतींतून मैदानाकडे वळले. ३,००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या, हा त्यांचा प्रकार ठरला. २०१८ साली भुवनेश्वरला त्यांनी गोपाल सैनी यांचा सदतीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य, सुवर्णापासून अवघे पाच शतांश सेकंद दूर. २०२३ साली हांगझोऊला आशियाई सुवर्ण. २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी, जिथे या प्रकारात एकही भारतीय पुरुष त्यापूर्वी पोहोचला नव्हता.

ही कामगिरी झाल्यावर वर्तमानपत्रांनी 'वीटभट्टी ते ऑलिंपिक' असे मथळे दिले. मथळा खोटा नाही, पण तो वाचकाला एका चुकीच्या समजुतीकडे नेतो. जणू भट्टीच्या धगीतच हा धावपटू घडला. जणू गरिबी ही एक व्यायामशाळा आहे आणि आष्टी-पाटोद्याच्या पोरांना ती फुकट मिळालेली आहे! वस्तुतः साबळे घडले ते भट्टीपासून दूर गेल्यावर. सैन्याने त्यांना पक्के छप्पर दिले, दोन वेळचे पोटभर जेवण दिले, प्रशिक्षक दिला, आणि या सर्वांहून मोलाची गोष्ट म्हणजे धावणे हेच ज्याचे त्या दिवसाचे काम आहे असा दिवस दिला. ज्या गोष्टी समाजाने मांडव्यात पुरवायला हव्या होत्या, त्या हिमनदीच्या वाटेने जाऊन मिळवाव्या लागल्या.

मजुराचे शरीर आपोआपच कसलेले असते, त्याला वेगळा सराव कशाला, असे म्हणणारे शहाणे पुष्कळ भेटतात. शरीरशास्त्र तसे सांगत नाही. सरावाने स्नायू आधी झिजतो आणि मग विश्रांतीत, सकस आहाराच्या बळावर, पूर्वीहून मजबूत होऊन भरून येतो. दिवसभर विटा किंवा वाळूची घमेली वाहणाऱ्याच्या वाट्याला झीज पूर्ण येते आणि भरून येण्याचा काळ येत नाही. पहाटे दहा किलोमीटर धावून आलेल्या मुलाने बापाच्या हाताखाली दिवसभर मालाची कालवाकालव केली, तर त्याचा सराव दुप्पट होत नाही. त्याचा गुडघा मात्र लवकर जातो.

घर आणि खेळ यांचा झगडा महाराष्ट्राला नवा नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधव यांना वर्गणी गोळा करावी लागली, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे एका शिक्षकाच्या घरावर उभे राहिले. खर्डेकरांचे औदार्य वंदनीय आहे. पण गहाण टाकायला ज्याच्यापाशी घरच नाही, त्याच्या गुरुजींनी काय करावे?

आज बीडच्या तरुणांपुढे एकच उत्तर आहे, भरती. माळरानावर पहाटे सोळाशे मीटरचा सराव करणारी पोरे पदकासाठी धावत नाहीत, पोलीस किंवा सैन्यातल्या नोकरीसाठी धावतात. कारण घराचे अर्धवट राहिलेले जोते त्याच पगारातून पुरे व्हायचे असते. ही वाटही आता अरुंद झाली आहे. २०२२ सालच्या अग्निपथ योजनेनुसार भरती झालेल्यांना चार वर्षांची सेवा मिळते आणि त्यांतल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्याला पुढे कायम केले जाते. साबळे काही वर्षे शिपाईगिरी केल्यानंतर मैदानाकडे वळले आणि राष्ट्रीय विक्रमापर्यंत पोहोचायला त्यांना आणखी तीन वर्षे लागली. चार वर्षांच्या मापात हा धावपटू मावला असता काय? मुलींची स्थिती याहून कठीण. आई फडावर गेली की थोरल्या मुलीकडे चूल आणि धाकटी भावंडे येतात. तिची पहाट मैदानापर्यंत पोहोचतच नाही.

आधी छप्पर द्या, खेळाचे मग पाहू, असा आक्षेप चळवळीतले लोकही घेतात. सायंशाखेत खेळांना मानाचे स्थान देणाऱ्या राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेत वाढलेल्यांनी तो घ्यावा याचे नवल वाटते. शिवाय त्यात एक तर्कदोष आहे. येथे छप्पर आणि खेळ हे एकमेकांचे स्पर्धक नाहीत. दोघांचाही वेळ खाणारा तिसराच आहे.

घरकुल योजनेचे उदाहरण घ्यावे. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेत मैदानी भागासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले, किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरले. ठेकेदार लावायचा नाही, लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, हे तत्त्व उत्तम. त्याच्या नव्वद-पंचाण्णव दिवसांच्या अकुशल श्रमाची मजुरी रोजगार हमीतून देण्याची तरतूदही मूळ रचनेत होती, आणि १९७२ च्या दुष्काळातून ज्या महाराष्ट्राने ही हमी उभी केली त्याला तिचे मोल समजावून सांगण्याचे कारण नाही. पण हप्ता बांधकामाच्या टप्प्याला बांधलेला आणि टप्प्याचे छायाचित्र जागेवर जाऊन घ्यायचे. लाभार्थी फडावर असला की टप्पा थांबतो, टप्पा थांबला की हप्ता थांबतो, आणि परतल्यावर घर पुरे करायचे म्हणून कुटुंबातला धडधाकट पोरगा मैदानावरून उचलून विटांवर लावला जातो. पुढच्या हंगामापूर्वी ते पुरे झाले नाही तर नवी उचल त्याच घरासाठी घेतली जाते. मागणी म्हणून यात अवघड असे काही नाही. पहिला हप्ता आणि घराच्या मजुरीचे मस्टर हंगामापूर्वी सुरू व्हावे. त्या वर्षी जे कुटुंब घरासाठी मागे राहील त्याला उचलीवाचून हिवाळा काढता येईल एवढी मजुरी त्याच्याच जोत्यावर मिळावी. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहांची जी योजना आली, तिच्या प्रत्येक वसतिगृहाला पहाटे वापरता येईल असे मैदान आणि धावणाऱ्यांना पुरेल असा शिधा जोडावा. तालुका क्रीडा संकुलांची कल्पना शासनाने स्वीकारून दोन दशके उलटून गेली आहेत. त्यांच्या वेळा नोकरदारांच्या सोयीने नव्हे, मजुरांच्या पोरांच्या सोयीने ठरवाव्यात. पदक मिळाल्यावर बक्षिसाचा धनादेश देण्यात सरकार मागे नसते. त्यातला थोडा भाग पदकाच्या दहा वर्षे आधी खर्ची पडला तर हिशेब तपासनिसांना काय अडचण यावी?

कार्यकर्त्यांपुढे काम आहे ते ग्रामसभेतले. १ मेच्या ग्रामसभेला ऊसतोडीची माणसे गावात परतलेली असतात, म्हणून घरकुलांची यादी आणि कामांचा क्रम तेव्हाच मागावा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला ती अजून गावात असतात, पण मुकादमाची गाडी दाराशी यायला फार दिवस उरलेले नसतात. कोणत्या कुटुंबाचा हप्ता कुठे अडला आहे आणि कोणत्या घरातली मुले यंदा सराव सोडून फडावर किंवा भट्टीवर निघाली आहेत, या दोन याद्या त्या सभेत एकत्र वाचून दाखवाव्यात.