चूर्णाची पुडी आणि व्यापाऱ्याचा विवेक

व्यापारी बंधूंच्या घरी मधुमेह हा आता नवखा पाहुणा राहिलेला नाही. दिवसभराची गादीवरची बैठक आणि समारंभांतील पक्वान्ने यांनी त्याला आपल्या वर्गात चांगलाच आश्रय दिला आहे. त्याच्यामागोमाग वनस्पतींच्या पुड्याही आल्या. डोळ्यांचे, मूत्रपिंडांचे व पायांचे उपद्रव अमुक चूर्णाने समूळ जातील, असे छातीठोकपणे सांगणारा विक्रेता भेटला नाही, असा सभासद विरळा. म्हणून या विषयावर चार शब्द स्पष्टपणे लिहिणे मला अगत्याचे वाटते.

वनस्पतींची थोरवी मी नाकारीत नाही. मेथीदाण्यातील चोथ्यामुळे जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरते. आज जगभर दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी युरोपातील गॅलेगा नावाच्या वनस्पतीतील द्रव्याच्या अभ्यासातून पुढे आली. फ्रेंच डॉक्टर झां स्टेर्न यांनी १९५७ साली तिचे रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. आपण पोत्यांनी विकतो त्या मिरचीतील तिखट द्रव्य कॅप्सेसिन. मधुमेहामुळे पायांच्या मज्जातंतूंत उठणाऱ्या वेदनेवर त्याची ८ टक्क्यांची पट्टी वापरण्यास अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. ती पट्टीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावावयाची असते. तिने वेदना शमते, बिघडलेला मज्जातंतू पूर्ववत होत नाही. द्रव्य वेगळे करणे, मात्रा ठरविणे आणि गुणदोष पारखणे, एवढे झाल्यावरच वनस्पतीचे औषध होते.

माझ्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी अशाच एका चूर्णाच्या भरवशावर गोळ्या सोडल्या. हळूहळू पायांची संवेदना गेली. एका उन्हाळ्यात ते मंदिराच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालत गेले. तळवा पोळला तरी त्यांना कळले नाही. जखम चिघळली आणि दोन बोटे गमवावी लागली. चूर्ण मात्र अखेरपर्यंत नेमाने चालू होते!

ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. रक्तातील साखर कसोशीने आटोक्यात ठेवल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव सुमारे २५ टक्क्यांनी घटतात, असे त्यांत दिसले. खरा उपाय तो हा. त्याच्या जोडीस रोज पाय पाहणे आणि वर्षातून एकदा डोळे व मूत्रपिंड तपासून घेणे. मेथी, कारले आहारात खुशाल असावे. पण चूर्ण घेत असल्यास आणि उपवास धरावयाचा असल्यास डॉक्टरांस आधी सांगावे, कारण गोळ्यांच्या जोडीने साखर धोक्याइतकी उतरू शकते.

आपण नमुना पाहिल्यावाचून पोते उतरवून घेत नाही. मग जिच्यावर घटकांची नावे नाहीत, मात्रेचा पत्ता नाही, अशी पुडी आपण पोटात कशी उतरवितो? आणि आपल्याच दुकानात कशी मांडतो? मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. ती छापण्यात भाग घेणारेही त्यातून सुटत नाहीत.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, आपल्या संघाच्या स्मरणिकेने असली जाहिरात कितीही मोबदला मिळाला तरी स्वीकारू नये, आणि सभासदांनी असला माल फळीवर ठेवू नये. नफा थोडा बुडेल. परंतु ग्राहकाचा पाय वाचेल. अहिंसेचे व्रत मिरविणाऱ्या व्यापाऱ्यास हा व्यवहार तोट्याचा वाटू नये.