तोतया कोण?

दिल्लीच्या उत्तरेस, आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात गणल्या जाणाऱ्या पानिपतच्या रणांगणावर इ.स. 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी ‘मीच तो भाऊ’ असे सांगणारा एक मनुष्य प्रकट झाला. अनेकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, कोकणातील काही किल्लेही त्याच्या ताब्यात गेले; परंतु अखेर तो पकडला गेला आणि 1776 मध्ये पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. मराठी माणसाच्या स्मरणात हे प्रकरण ‘तोतयाचे बंड’ म्हणून राहिले आहे.

या तोतयाविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपण उघडे पडू ही भीती त्याला असेलही. पण ‘आपण खरे की खोटे?’ हा प्रश्न त्याला पडण्याचे कारण नव्हते. आपण भाऊ नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते. हा प्रश्न पडतो तो वेगळ्याच माणसांना. वर्षानुवर्षे मनापासून एखादे काम करणाऱ्या माणसाला मध्येच वाटू लागते, की आपल्याला यातले खरे तर काही येत नाही. आजवर निभावले ते योगायोगाने. एक दिवस आपले सोंग लोकांच्या लक्षात येईल. 1978 मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी या भावनेचा अभ्यास मांडला. कर्तबगारी सिद्ध केलेल्या अनेक स्त्रियांनाही आपण त्या यशाला पात्र नाही असे वाटत असते, हे त्यांना आढळले होते. नाव नवे असले, तरी दुखणे जुने आहे. आणि कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांना ते विशेष जडते.

याचे कारण त्या कामाच्या स्वरूपातच आहे. सुताराने केलेले दार नीट लागते की नाही, हे ते लावून पाहता येते. गवंड्याची भिंत ओळंब्याने तपासता येते. कथाकाराजवळ असा ओळंबा नसतो. न घडलेले तो घडल्यासारखे सांगतो, कधी न भेटलेल्या माणसांच्या मनात शिरतो, त्यांच्या तोंडी शब्द घालतो. अशा वेळी ‘हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?’ असे त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. 1938 मध्ये अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक आपली सर्वांत प्रसिद्ध कादंबरी लिहीत असताना रोजनिशीही लिहीत होता. आपण लेखक नव्हेच, आपण स्वतःला आणि इतरांनाही फसवत आलो आहोत, अशा अर्थाची कबुली त्या रोजनिशीत आहे. तोपर्यंत त्याची अनेक पुस्तके गाजली होती. त्या कादंबरीला 1940 मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि 1962 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण आपण त्या पारितोषिकाला पात्र आहोत असे वाटते का, या प्रश्नाला तेव्हाही त्याचे उत्तर ‘नाही’ असेच होते. म्हणजे यशाने हा संशय फिटतो, असेही नाही.

परंतु सर्वांच्या वाट्याला येणारा संशय सारखा नसतो. स्टाइनबेकचा संशय त्याच्या मनातून उगवला होता. काहींच्या मनात तो बाहेरून पेरला जातो. या दोहोंतला फरक समजून घेण्यासाठी दिल्लीतीलच एका मराठी माणसाकडे पाहता येईल.

आयटीओ चौकाजवळ विष्णु दिगंबर मार्ग नावाचा रस्ता आहे. थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकर यांचे नाव धारण करणाऱ्या या रस्त्यावर गांधर्व महाविद्यालय आहे आणि साहित्यिकांच्या सभा-संमेलनांचे हिंदी भवनही आहे. याच हिंदी भवनाबाहेरच्या पदपथावर लक्ष्मण राव यांनी अनेक वर्षे चहा विकला. ते मूळचे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. शालेय शिक्षण मराठीतून झालेले. त्यांनी गिरणीत काम केले, भोपाळला बांधकामावर मजुरी केली आणि 1975 मध्ये ते दिल्लीत आले. गुलशन नंदा यांच्या हिंदी कादंबऱ्यांनी त्यांना वेड लावले होते. आपणही कादंबरीकार व्हावे, हा ध्यास त्यांनी घेतला होता. 1979 मध्ये त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रकाशकांनी दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःची प्रकाशन संस्था काढली. पुस्तके सायकलवर लादून ते शाळांमध्ये आणि ग्रंथालयांमध्ये जात. सायकलवरून आलेला हा माणूसच पुस्तकाचा लेखक आहे, हे ऐकणाऱ्याला सहजासहजी पटत नसे. तरीही त्यांची वीसहून अधिक पुस्तके सिद्ध झाली. ‘रामदास’ ही त्यांची कादंबरी विशेष ओळखली जाते.

या हकिकतीत तोतयाचा संशय कोणाला आला होता? लेखकाला नव्हे; पाहणाऱ्यांना. एका हाताने चहा गाळणारा माणूस दुसऱ्या हाताने कादंबरी लिहू शकतो, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हते. लेखक म्हटला की तो अमुक घरातला, अमुक पदव्या मिळवलेला, अमुक पद्धतीने बोलणारा असावा, असे एक चित्र समाजाने तयार करून ठेवले आहे. त्या चित्राशी जुळणाऱ्याला मनातल्या संशयाशी तेवढे झुंजावे लागते. न जुळणाऱ्याला मात्र आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन संशयांशी सामना करावा लागतो. लोक पुन्हा पुन्हा तसे पाहू लागले, की काही काळाने माणूसही स्वतःकडे त्यांच्याच नजरेने पाहू लागतो. मग हा मनाचा दुबळेपणा आहे असे म्हणून त्यालाच दोष देणे अन्यायाचे ठरते.

दिल्लीलगतच्या गुरुग्राममध्ये, त्या वेळच्या गुडगावात, बेबी हालदार या बंगाली तरुणीची हीच कथा थोड्या निराळ्या रूपात घडली. लहान वयात लग्न झाल्यामुळे शिक्षण अर्धवट सुटलेली ही स्त्री तीन मुलांना घेऊन पतीचे घर सोडून आली आणि घरकाम करू लागली. ती ज्यांच्या घरी काम करीत होती, ते निवृत्त प्राध्यापक प्रबोध कुमार हे प्रेमचंदांचे नातू. पुस्तकांवरची धूळ झटकताना ती त्यांच्यापाशी रेंगाळते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तिला आधी वाचायला पुस्तक दिले आणि नंतर वही व पेन. दिवसभराचे काम आटोपल्यावर ती रात्री लिहू लागली. ‘आलो आँधारि’ हे तिचे आत्मकथन 2002 मध्ये हिंदीत प्रसिद्ध झाले, पुढे अनेक भाषांत गेले आणि त्यातील अंश अकरावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात धडा म्हणून समाविष्ट झाला. जिची शाळा सुटली होती, तिचे लेखन शाळेत शिकवले जाऊ लागले. ती कथाकार नव्हे, स्वतःचे जगणे लिहिणारी आहे. पण ‘मी कोण लिहिणार?’ हा प्रश्न दोन्ही प्रकारच्या लेखकांना सारखाच छळतो. या प्रसंगात महत्त्वाचे हे, की तिच्यावर प्रथम दुसऱ्या कोणीतरी विश्वास टाकला. समाजाने पेरलेला संशय एकट्याच्या निश्चयाने उपटला जातोच असे नाही. त्यासाठी समाजातीलच कोणाचा तरी हात लागतो.

मराठीतही याची साक्ष आहे. वाटेगावात 1920 मध्ये जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांच्या वाट्याला शाळा नावापुरतीच आली. मुंबईत पडेल ते काम करीत ते अक्षरओळख वाढवत गेले. 1959 मध्ये त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि 1961 मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. लिहिण्याची परवानगी मिळेपर्यंत ते थांबले असते, तर मराठी कादंबरी एका मोठ्या अनुभवविश्वाला मुकली असती.

येथे कोणी म्हणेल, की मग संशय मुळीच नको का? ज्याच्या हाती लेखणी आली, त्याने लिहावे आणि ते चांगले मानावे का? तसे नाही. पुस्तक छापले म्हणजे ते श्रेष्ठ ठरत नाही. लेखकाचे कष्ट पाहून त्याच्या पुस्तकाला गुण देणे हाही त्याचा एक प्रकारचा अपमानच आहे. पुस्तकाची पारख पुस्तक वाचूनच व्हायला हवी. खरा प्रश्न संशय असावा की नसावा हा नाही. तो कशावर घ्यावा, हा आहे. ‘मी लेखक आहे का?’ या प्रश्नातून एक ओळही सुधारत नाही. ‘हे पात्र खरोखर असे बोलेल का?’, ‘हा प्रसंग वाचणाऱ्याला पटेल का?’, ‘हे वाक्य गाळले तर काही बिघडेल का?’ या प्रश्नांनी मात्र लेखन सुधारते. पहिला संशय लिहिणाऱ्यावर घेतलेला असतो आणि तो हात थांबवतो. दुसरा लिहिलेल्यावर घेतलेला असतो आणि तो हाताला कामाला लावतो. कथाकाराजवळ ओळंबा नसतो हे खरे. पण असे प्रश्न हाच त्याचा ओळंबा होऊ शकतो.

लक्ष्मण राव यांच्या आयुष्यातील आणखी एक गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. लेखक म्हणून पुस्तके प्रसिद्ध झाल्यानंतर, प्रौढ वयात त्यांनी पत्राद्वारे शिक्षण घेऊन दिल्ली विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली आणि पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून हिंदी विषयात एम.ए.चा अभ्यास हाती घेतला. पदवी ही त्यांच्या दृष्टीने लिहिण्याचा परवाना असती, तर आधी पदवी आणि मग पुस्तक असा क्रम लागला असता. येथे क्रम उलटा आहे. शिक्षण हा परवाना नाही, ते अवजार आहे. सुतार परवानगीसाठी पटाशीला धार लावत नाही; काम नीट व्हावे म्हणून लावतो.

संसार आणि नोकरी सांभाळून वयाच्या तिशी-चाळिशीत पुन्हा वही उघडणाऱ्या माणसालाही वर्गात, परीक्षेच्या केंद्रावर, आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसताना आपण येथे चुकून आलो आहोत, असे वाटण्याचा संभव असतो. त्याने त्या ऐतिहासिक तोतयाची आठवण ठेवावी. तो तोतया होता, कारण त्याने न केलेल्या कर्तृत्वावर हक्क सांगितला. जो आपल्या हाताने लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो, तो दुसऱ्या कोणाचेही सोंग घेत नाही. त्याचे लेखन कच्चे असू शकेल. खोटे मात्र नसते. आणि कच्चे ते पिकवता येते.