आवाज की नुसता आव?

आमच्या विद्यापीठीय चर्चांमधून अलीकडे एक युक्तिवाद रुळू पाहतो आहे. दीडशे सीसीच्या स्पोर्ट मोटरसायकलचा मूळ सायलेन्सर उतरवून तिथे कर्कश नळी बसवणारा तरुण हा केवळ उपद्रवी नव्हे. घरात, वर्गात, नोकरीच्या बाजारात ज्याचे कोणी ऐकून घेत नाही असा तो तरुण आहे आणि ती नळी हा त्याचा आविष्कार आहे, त्याचा प्रतिकार आहे, असे हा युक्तिवाद सांगतो. परिसंवादात असे वाक्य हमखास दाद घेऊन जाते. आम्हांला मात्र हा युक्तिवाद साफ अमान्य आहे. त्याला यंत्र समजलेले नाही, ज्या सिद्धांताचा तो आधार घेतो तो सिद्धांत त्याने अर्धाच वाचलेला आहे, आणि ज्या तरुणाची बाजू घेतल्याचा त्याचा दावा आहे त्याचीच तो फसवणूक करतो.

यंत्रापासून सुरुवात करू. कारण साहित्याच्या लोकांनी वस्तूंविषयी बोलताना वस्तूच न पाहण्याची खोड आता पुरे झाली. चार स्ट्रोकच्या इंजिनात दट्ट्याच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा जळका वायू बाहेर पडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी त्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणजे प्रत्येक वेळी एक लहानसा स्फोटच नळीवाटे सुटतो. सायलेन्सरमधील कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या या स्फोटाच्या लहरी उलटसुलट फिरवून एकमेकींवर आदळवतात, तर काचेच्या लोकरीसारखे अस्तर त्यांची काही ऊर्जा उष्णतेत मुरवते. 'सायलेन्सर' हे नाव तसे अतिशयोक्तच. तो शांतता निर्माण करीत नाही. रस्ता वापरणाऱ्या इतरांना सोसवेल इतका आवाज बाहेर सोडतो. एका परीने तो गाडीचा शिष्टाचार आहे. आतली जाळी किंवा पुंगळी काढणे, अथवा सबंध सायलेन्सर बदलून पोकळ नळी लावणे म्हणजे हा शिष्टाचार काढून टाकणे होय.

आता हा तथाकथित 'आविष्कार' काय साधतो ते पाहू. 2008 साली भारतात आलेल्या यामाहाच्या आर-15 चे उदाहरण घ्या. गाडी उत्तम, इंजिन एका सिलिंडरचे, दीडशे सीसीचे. तिचे रूप त्याच कंपनीच्या हजार सीसीच्या, चार सिलिंडरच्या आर-1 च्या घराण्यातले. नळी बदलणाऱ्याला हवा असतो तो या थोरल्या भावंडाचा स्वर. पण इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्या घेत असेल तर एका सिलिंडरमधून सेकंदाला 75 स्फोट बाहेर पडतात आणि चार सिलिंडरमधून 300. हा फरक इंजिनाच्या घडणीतला आहे. कोणतीही नळी 75 चे 300 करू शकत नाही. नळी बदलल्याने ध्वनीचा पोत थोडा पालटतो, एवढेच. वाढते ती फक्त तीव्रता. धाकट्याने थोरल्याच्या आवाजात बोलायचे ठरवले आणि त्याला जमले ते केवळ ओरडणे, असा हा प्रकार आहे.

आम्ही साहित्याचे विद्यार्थी. लेखकाचा स्वतःचा आवाज आणि त्याने आणलेला आव यांतला फरक ओळखणे हे आमचे रोजचे काम. दुसऱ्याची शैली उचलून ती मोठ्याने वाजवणाऱ्या कवीला आम्ही 'नवा आवाज' म्हणत नाही. मग रस्त्यावर आमची ही कसोटी कुठे जाते? बाजारात अक्रापोविच या स्लोव्हेनियातील नामांकित कंपनीची नाममुद्रा छापलेल्या स्वस्त नकला सर्रास मिळतात. नकली नावाची नळी, दुसऱ्या गाडीच्या आवाजाची हौस आणि दुकानदाराने सुचवलेली निवड, यांत त्या तरुणाचे स्वतःचे असे काय उरले? तो बंडखोर नाही, तो गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक असणे हा गुन्हा नव्हे. पण खरेदीला प्रतिकार म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

यावर दोन व्यावहारिक बचाव पुढे केले जातात. पहिला ताकदीचा. नळी मोकळी केली की गाडी 'श्वास घेते', असे गॅरेजात सांगतात. अर्धसत्य नेहमीच मोहक असते. बाहेर जाणाऱ्या वायूच्या लहरींचा मेळ व्हॉल्व्हच्या वेळापत्रकाशी बसवावा लागतो. नळीची लांबी व व्यास त्या हिशेबाने ठरलेला असतो. तो बिघडला तर शहरात जिची गरज पडते ती कमी फेऱ्यांवरची ओढ बहुधा कमीच होते. इंधन किती सोडायचे हे आज संगणकीय यंत्रणा ठरवते. तिची नव्याने जुळणी केली नाही तर मिश्रणात इंधन कमी पडून इंजिन अकारण तापू शकते. आणि इंजिनापासूनची सबंध नळी बदलली तर विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बहुधा तिच्याबरोबर जातो. शर्यतीसाठी हे सारे शास्त्रशुद्ध करता येते. कोईमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मोजून, तपासून, चुकून, पुन्हा मोजून नळी घडवणाऱ्या कारागिराविषयी आम्हांला आदरच आहे. तिथे आवाज हा कामाचा उपपरिणाम असतो. इथे तो एकमेव हेतू आहे.

दुसरा बचाव सुरक्षिततेचा : आवाज मोठा असला की इतरांना गाडीची चाहूल लागते. पण नळीचे तोंड मागे असते आणि धोका बहुतेक वेळा समोरून किंवा चौकातल्या बाजूच्या रस्त्यावरून येतो. काचा वर करून बसलेल्या चालकाला गाडीची चाहूल लागायला बहुधा उशीरच होतो; मागे राहिलेल्या पादचाऱ्याला मात्र, जेव्हा तिचा काहीच उपयोग नसतो तेव्हा, ती पुरेपूर लागते.

आता सिद्धांताकडे वळू. या चर्चेत डिक हेब्डिज यांच्या 1979 सालच्या 'सबकल्चर' या ग्रंथाचा हवाला दिला जातो. ब्रिटनमधल्या 'मॉड' तरुणांनी स्कूटरसारख्या सभ्य, घरगुती वाहनाला नवा आणि अस्वस्थ करणारा अर्थ कसा दिला, हे त्यांनी दाखवले हे खरेच. पण अशी प्रत्येक शैली बाजार यथावकाश गिळंकृत करतो आणि तिचा विकाऊ माल बनवतो, हेही त्याच ग्रंथात आहे. आमचे मित्र पहिला भाग उद्धृत करतात आणि दुसऱ्याशी पान मिटतात. आणखी मागे जायचे तर 1909 साली मारिनेत्तीने आपल्या जाहीरनाम्यात शर्यतीच्या मोटारीला ग्रीक शिल्पाहून सुंदर ठरवले आणि 1913 साली रुस्सोलोने गोंगाटालाच कला म्हणून मान्यता मागितली. त्या चळवळीने कलेला काही दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तोच मारिनेत्ती 1919 साली फॅसिस्टांच्या जाहीरनाम्याचा सहलेखक झाला, हेही विसरता येत नाही. गोंगाटाची पूजा करणारा प्रत्येक जण फॅसिस्ट असतो असे आम्ही म्हणत नाही. गोंगाट हा आपोआपच मुक्तीच्या बाजूचा असतो हे भाबडे गृहीतक मात्र इतिहासाला धरून नाही, इतकेच आमचे म्हणणे आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप वर्गीय आहे, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. आवाजाची तक्रार ही सुखवस्तूंची तक्रार आहे, असे म्हटले जाते. आम्ही उलट विचारतो : हा आवाज पोहोचतो कोणाच्या कानी? दुहेरी काचांच्या, वातानुकूलित सदनिकेत तो मंदावतो. ज्याची खिडकी थेट रस्त्यावर उघडते, जो हातगाडी घेऊन दिवसभर चौकात उभा असतो, ज्या घरात परीक्षेचा अभ्यास आणि आजारी माणसाचे अंथरूण एकाच खोलीत असते, त्याच्यावर तो पूर्ण ताकदीने कोसळतो. मुलींच्या वसतिगृहासमोर थांबून ॲक्सिलरेटर पिळला जातो तेव्हा त्या आवाजाला 'मूकांची भाषा' म्हणण्याचे धैर्य आमच्या मित्रांनी आतल्या मुलींसमोर एकदा दाखवावे. तिथे मूक कोण आणि मुजोर कोण, हे समजायला कोणत्याही सिद्धांताची गरज पडत नाही.

थोडे आकडेही ध्यानात घ्यावेत. 80 ते 175 सीसीच्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडताना 77 डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलची चढण साधी नसते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. नळी बदलून 87 वर गेलेली एक गाडी म्हणजे एकाच वेळी जाणाऱ्या तशाच दहा गाड्या. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची, तर शांतता क्षेत्रासाठी 50 व 40 ची पातळी घालून दिली आहे. ती परिसरातील सरासरी आवाजाची मोजणी आहे, गाडीची चाचणी वेगळी. पण समाजाने काय अपेक्षिले होते आणि काय पदरी पडले, ते एवढ्यावरून कळावे.

आविष्कारस्वातंत्र्याची ढाल पुढे करणाऱ्यांनी तर सर्वोच्च न्यायालयाचा जुलै 2005 मधील ध्वनिप्रदूषणावरचा निकाल मुळातून वाचावा. बोलण्याचा अधिकार आहे तसाच न ऐकण्याचाही आहे. कोणालाही बळजबरीने श्रोता बनवता येत नाही, हे त्या निकालाचे सार आहे. साहित्याशी याचा संबंध थेट आहे. पुस्तक मिटता येते, कविता अर्ध्यावर सोडता येते, व्याख्यानातून उठून जाता येते. जिथे उठून जाण्याची मुभा नाही, तिथे संवाद नाही. म्हणूनच फोडलेल्या सायलेन्सरला आम्ही भाषा म्हणत नाही. भाषेला उत्तराची जागा ठेवावी लागते.

आणि तरीही, रोडरोलरखाली सायलेन्सर चिरडण्याचे जे समारंभ मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतून होत आले आहेत, त्यांनाही आम्ही टाळ्या वाजवणार नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 182-अ नियमबाह्य बदल करणाऱ्या वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड सांगते. पण सुरक्षेच्या दृष्टीने कळीचे म्हणून अधिसूचित केलेले सुटे भाग नियमबाह्य स्वरूपात विकणाऱ्याला प्रत्येक भागामागे एक लाख. कायद्याने मोठा अपराधी कोण ते स्पष्ट सांगितले आहे. रोलर मात्र फिरतो तो गिऱ्हाइकाच्या मालावर. विक्रेत्याचे शटर दुसऱ्या दिवशी उघडेच. शिवाय जो आवाज मंगळवारी अपराध ठरतो, तोच रविवारी पक्षाच्या दुचाकी फेरीत झेंड्यासह निघाला की उत्साह कसा ठरतो? ज्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, त्याने आपल्याच वाहनतळावरच्या मुलाला शांततेचे पाठ कोणत्या तोंडाने द्यावेत?

म्हणून आमचे म्हणणे आमच्याच व्यवसायबंधूंना उद्देशून आहे. या तरुणाचे कोणी ऐकत नाही, हे तुमचे निदान कदाचित खरे असेल. मग ऐका. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात वर्षभरात ज्याला एकही प्रश्न विचारला गेला नाही, त्याला प्रश्न विचारा. त्याचे यंत्रावरचे प्रेम खरे असेल, तर त्याला त्या यंत्राविषयी चार पाने मराठीत लिहायला सांगा. 75 आणि 300 चा हिशेब त्यालाच मांडू द्या, आणि लिहिलेले वर्गात वाचून घ्या. हे कष्टाचे काम आहे, आणि त्यावर परिसंवादात टाळ्या पडत नाहीत. ते टाळून त्याच्या नळीचा गौरव करणे सोपे आहे. कारण मग त्याचे काहीच ऐकावे लागत नाही.